वरचा विमा

१८ नोव्हेंबर, सोमवार

नत्थुजी आज मैदानावर आले, आम्ही निवृत्त मंडळी रोज जमतो तिथे. नागपूरला बायपास झाल्यानंतर पहिल्यांदाच. आमच्या शाळेत ते हेडक्लार्क होते, मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण त्यांना धावताना मी कधी पाहिलं नाही. बस सुटत असली तरी ते चालतच जायचे. त्यामुळे त्यांना हे झालं याचं मला नवल वाटलं नाही. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. माझी बायको जमुना म्हणते, बोलायला नको होतं.

पुढे त्यांनी खर्चाचं सांगितलं. संस्थेने आम्हा निवृत्तांचा जो विमा काढून ठेवला आहे तो तीन लाखांचा. ते नत्थुजींच्या पहिल्याच आठवड्यात संपले. वरचं सगळं पोराने प्लॉट विकून भरलं. "घर बांधनार होता तो त्याच्यावर," नत्थुजी म्हणाले. "अन् दवाखान्यात येऊन मले म्हने, बाबा, ती जागा तशी बी खोलगटच होती."

मग ठरलं की संस्थेच्या विम्यावर प्रत्येकाने आणखी एक, वरचा विमा काढायचा. टॉप-अप म्हणतात त्याला. ज्याचा त्याने पाहायचा. मी म्हणालो, "मी कायले काढू?" नोकरीला लागलो तेव्हा जे वजन होतं तेच आज त्रेसष्टाव्या वर्षी आहे. दवाखान्यात गेलो तो फक्त लोकांना भेटायला. नत्थुजी हसून म्हणाले, "सर, तुमची गोठच अलग हाये."

येताना मालटेकडी चढलो, रोजच्यासारखी. छाती जराशी आवळल्यासारखी झाली. थंडी एकदम पडली आहे. उद्यापासून आतून स्वेटर घालायचा.

२१ नोव्हेंबर

जमुना आजकाल माझ्यासोबत टेकडीवर येते. ती मुलींच्या शाळेत मराठीची शिक्षिका होती. उभं आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेलं, व्यायाम म्हणून कधी घराबाहेर पडली नाही. आता स्वतःहून येते. व्यायामावरच्या माझ्या व्याख्यानांचा परिणाम उशिरा का होईना झाला. दम मात्र फार कमी. दर वळणावर बसू या म्हणते. मीही बसतो, तिला कमीपणा वाटू नये म्हणून.

दळणाचा डबाही आता तीच उचलून नेते. मी कौतुक केलं तर नुसतं "हं" म्हणाली.

२४ नोव्हेंबर, रविवार

शेखर आला होता. माझा कबड्डीचा विद्यार्थी, चढाईला एक नंबर. आता विम्याची कामं करतो. चार कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर पसरली आणि चढाईच्याच वेगाने बोलला. जमुनाने चष्मा लावला आणि लाल पेन घेऊन बसली. तिला बारीक अक्षरातलंच आधी वाचायची सवय. एका कागदावर तिने सहा ठिकाणी खुणा केल्या.

"यात अन् त्यात काय फरक हाये?" तिने विचारलं. "हा टॉप-अप, तो सुपर टॉप-अप."

शेखरने दोन-तीनदा सांगितलं, पण मला नाही कळलं. शेवटी तीच म्हणाली, "म्हंजे पयला एकेक झाड मोजते अन् दुसरा पुरा बगीचा. वर्षात दोनदा दवाखान्यात गेलं, दोनीखेप दोन-दोन लाख लागले, तं पयला एक पैसा देनार नाई. दुसरा दोनी खर्चाची बेरीज करून तीनच्या वरचं देनार. असंच नं?"

"अगदी तसंच, मॅडम!"

"मंग आमाले दुसराच पाह्यजे."

मला बरं वाटलं. माझ्याच घरात एवढं लख्ख समजणारं माणूस आहे, आणि तेही माझ्या विद्यार्थ्यासमोर.

पुढे मात्र बिनसलं. जमुनाला बीपीची गोळी आहे. शेखर म्हणाला, तेवढं लिहू नका. लिहिलं की कंपनी तपासण्या लावते, हप्ता वाढवते, नाही तर थांबायला लावते. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. एक गोळी ती काय!

जमुनाने पेनचं टोपण लावलं. "माया बाबानं एका सालात असंच केलं होतं," ती म्हणाली. तिचे वडील वरूडचे, संत्र्याचे बागाईतदार. व्यापाऱ्याला अख्खा बहार ठरवून देताना त्यांनी डिंक्या रोग लागलेली झाडं दाखवलीच नव्हती. तोडणीच्या वेळी व्यापाऱ्याला कळलं. "तो म्हने, तुमी लपवलं, सौदा मोडला. चांगल्या झाडाचाबी माल पडून राह्यला. त्या सालापासून बाबा व्यापाऱ्याले अगुदर बिमार झाडाखालीच नेत."

शेखर म्हणाला, "मॅडम, झाड अन् मानूस..."

"कागद तसाच असते," ती म्हणाली. "मायी गोळी लिहा. आमच्या दोघाच्या ज्या तपासन्या असतीन त्या करा. यांच्याबी."

माझ्याही! बरं, करू द्या. कंपनीला एकदा कळू द्या की अमरावतीत कशी माणसं राहतात.

५ डिसेंबर

तपासणी झाली. रक्त, लघवी, डोळे, सगळं. शेवटी चालत्या पट्ट्यावरची. छातीला वायरी लावतात, पट्ट्याचा वेग वाढतो, चढही वाढतो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, त्रास झाला तर सांगा." मी म्हणालो, "बेटा, तूच थकशील पाहता पाहता."

माझ्या आधीच्या माणसाला बराच वेळ चालवलं होतं. माझं मात्र डॉक्टरांनी लवकरच आटोपलं. नीलम मॅडम म्हणून आहेत, तरुण आहेत. पडद्याकडे पाहत होत्या, एकदम म्हणाल्या, "बस, पुरे. इथे झोपा." मी म्हणालो, अजून चालतो की. "नको. पाहायचं ते दिसलं मला." इतक्यात खात्री पटली त्यांची! डावा खांदा तेवढा भरून आला होता. जुनं कबड्डीचं दुखणं आहे ते.

बाहेर येऊन जमुनाला सांगितलं, तिला अभिमान वाटावा म्हणून. तेवढ्यात मॅडमनी तिला आत बोलावलं. काही सही राहिली असेल. निघताना मॅडम मला म्हणाल्या, सायकल इथेच राहू द्या, ऑटोने जा. आजकालची मुलंही वयाचा मान ठेवतात.

ऑटोत जमुनाने माझा हात धरला होता. राजकमल चौकात एवढी गर्दी, ओळखीचे लोक, मला जरा अवघडल्यासारखं झालं.

७ डिसेंबर

काल लिहायला हात धजला नाही.

आमची मुलगी प्रणाली काल पुण्याहून अचानक आली. मी म्हणालो, "काहून आली वं? सुटी हाये का?" ती रडायलाच लागली. मग जमुनाने मला समोर बसवलं आणि वर्गात सांगावं तसं नीट सांगितलं. हृदयाला रक्त नेणारी वाहिनी तुंबली असावी. म्हणूनच पट्टा थांबवला. अँजिओग्राफी करायची, ताबडतोब. टेकडीवर माझे ओठ काळसर पडतात हे तिने महिन्याआधीच पाहिलं होतं. दवाखान्यात चला म्हटलं तर मी आलो नसतो. विम्यासाठी म्हटलं म्हणून आलो.

म्हणजे वळणावर बसायचं ते तिला नव्हतंच.

परसात जाऊन उभा राहिलो. खरं लिहायचं तर मला आजाराचं भय नंतर वाटलं. आधी वाटलं, हे मैदानावर कळेल.

शेखरचाही फोन आला. कंपनीकडून त्याला कळलं असणार. "सर, एक रस्ता हाये. दुसऱ्या कंपनीचा विमा बिना तपासनीचा भेटते. आजच करून देतो. अँजिओग्राफी थोडी मागं-पुढं करा. कोनाले काय मालूम होते?" पोरगा वाईट नाही. रडवेला झाला होता. मी म्हणालो, कर.

जमुनाने फोन माझ्या हातातून घेतला. "शेखर, तू तुह्या सरांवर जीव लावतो, मले मालूम हाये. पन मी यांच्या जिवाचा सौदा खोट्या कागदावर नाई करत. अन् अँजिओग्राफी एक दिवसबी मागं जानार नाई."

मी तिच्यावर ओरडलो. ती ऐकून घेत राहिली, माझी बॅग भरत.

१३ डिसेंबर

घरी आलो. दोन ठिकाणी जाळ्या टाकल्या, स्टेंट म्हणतात त्यांना. डॉक्टर म्हणतात, आणखी पंधरा-वीस दिवस टेकडी चढत राहिला असता तर टेकडीवरच राहिला असता. संस्थेच्या विम्यात कसंबसं बसलं. म्हणजे आता जुलैपर्यंत, नवीन वर्षाचा विमा सुरू होईस्तोवर, माझ्या नावावर तिथे काहीच उरलं नाही. आणि वरच्या विम्याचं उत्तर आलं: जमुनाला घेतलं, बीपीसकट. मला नाही.

जमुनाने ते पत्र घडी करून ठेवून दिलं. "आपलं खरं होतं, त्यायचंबी खरं हाये," म्हणाली. मला मऊ खिचडी वाढली, बारीक चिरलेला हिरवा सांभार घालून, मीठ जवळजवळ नाहीच.

२४ डिसेंबर

भेटायला रोज माणसं येतात. शाळेतले, संस्थेतले, सगळे. मला वाटलं नव्हतं मी एवढा लोकप्रिय आहे. माझ्याजवळ दोन मिनिटं बसतात, तब्येत विचारतात आणि मग स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातात. तिथे बराच वेळ लागतो त्यांना. आज नत्थुजी एवढी मोठी पिशवी घेऊन आत गेले. मला वाटलं, संत्री. नंतर पाहतो तर विम्याचे कागद.

सगळ्यांचं दुखणं एकच. ज्यांना काही आजार आहे त्यांना कंपन्या घेत नाहीत, घेतल्या तर दोन-तीन वर्षं थांबा म्हणतात. आमच्यातल्या कित्येकांजवळ दोन-तीन वर्षांचा भरवसा कुठे आहे?

सायंकाळी जमुना म्हणाली, "एकेकट्यानं बाजारात गेलं की व्यापारी भाव पाडते. सगळ्यायनं मिळून गेलं पाह्यजे. संघाच्या नावानं एकच गटविमा मागायचा, बिमार अन् धडधाकट सगळे त्यात, पयल्या दिवसापासून."

आमचा निवृत्तांचा संघ आहे. आजवर त्याने वर्षाला एक सहल काढली, मोझरीची. मी म्हणालो, संघाकडून हे होणार नाही. ती म्हणाली, "पाहू."

५ जानेवारी, रविवार

शाळेच्या हॉलमध्ये संघाची सभा झाली. मला बोलायची मनाई, जमुनाने घरूनच बजावलं होतं. तिने फळ्यावर आकृती काढून सगळं समजावलं. खडू हातात आला की ती वेगळीच दिसते, उंची वाढल्यासारखी. मग म्हणाली, कंपनीला आपली खरी अवस्था सांगावी लागेल, नावं न देता, कोणता आजार किती जणांना एवढंच. तरच ती भाव सांगेल, आणि मग कोणाचा हक्क नाकारता येणार नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली.

चिठ्ठ्या परत आल्या. निरोगी. निरोगी. किरकोळ सर्दी. निरोगी. सगळा हॉल खोकल्यांनी दणाणून राहिला होता, आणि कागदावर एकही माणूस आजारी नाही. नत्थुजींनीसुद्धा, ज्यांची छाती उघडून शिवलेली, काहीच लिहिलं नव्हतं. "आपली बिमारी चारचौघात कोन सांगते, बाई?" ते हळूच म्हणाले.

जमुना चिठ्ठ्या हातात घेऊन उभी होती. वर्गात कोणाचाच अभ्यास झालेला नसला की ती अशी उभी राहते. ते मला पाहवलं नाही. मी उठलो.

"राजेहो," मी म्हणालो, "तुमी मले ओळखता. मी तुमाले मैदानावर काय काय ऐकवत होतो, तेबी तुमाले मालूम हाये. आता ऐका. माया छातीत दोन जाळ्या हायेत. टेकडीवर मले दम लागत होता अन् मी थंडीचं नाव सांगत होतो. ही बाई घरात नसती तं आज या हॉलमधी माया फोटो राह्यला असता, हारासकट. अन् तुमी दोन मिनिटं उभे राहून चहाले गेले असते. लिहा आता."

कोणी हललं नाही. मी उभाच राहिलो.

मग मागून भगवंत गुरुजी उठले. आमचे जुने चित्रकलेचे शिक्षक, चौऱ्याऐंशीचे आहेत. मोठ्याने म्हणाले, "मले लघवीचा त्रास हाये. अन् एका कानानं आयकू येत नाई. दोनी लिहू का एकच?"

हसण्याने छत उडायची वेळ आली. आणि त्या हसण्यातच पेनं निघाली. चिठ्ठ्या पुरल्या नाहीत, मागच्या बाजूनेही लिहून झालं. नत्थुजींनी पत्नीचीही साखर लिहिली, तिला न विचारता. त्यावरून त्यांचं तिथेच भांडण झालं.

घरी येताना जमुना म्हणाली, "बोलू नका म्हटलं होतं नं?" पण चेहरा मात्र फार दिवसांनी असा उजळलेला पाहिला.

२९ जानेवारी

गटविम्याच्या बोलणीसाठी कंपनीचे विपुल म्हणून अधिकारी नागपूरहून आले. सभ्य माणूस आहे. पहिल्या दिवसापासून सगळे जुने आजार धरू म्हणाले. एवढ्यावरच लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमुनाने वाजवल्या नाहीत. दवाखान्यातल्या खोलीचं भाडं ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कपात होते, ती अट तिने बारीक अक्षरातून शोधून काढली आणि काढायला लावली. विपुल साहेबांनी नागपूरला फोन केला, कबूल झाले. मी खुर्चीत ताठ बसून होतो. अंतिम सामन्यात आपला खेळाडू खेळत असावा तसा.

मग ते म्हणाले, "फक्त एक. ऐंशीच्या वरचे सभासद घेता येणार नाहीत."

असे चारच आहेत. भगवंत गुरुजी आणि आणखी तिघं. गुरुजींना ऐकू गेलं नसावं, ते हसतच होते.

जमुनाने फाईल मिटली. "मंग आमीबी नाई," म्हणाली. "तुमी लांबून आले. जेवून जा."

३१ जानेवारी

गावभर चर्चा. कालपर्यंत पाणी प्यायला येणारे आज येत नाहीत. नत्थुजी दारातच म्हणाले, "बाई, चार जनांसाठी सगळ्यायचं बुडवता का तुमी?" गुरुजींना कोणीतरी सांगितलं, ते स्वतः ऑटो करून आले आणि म्हणाले, "माये काय दिवस राह्यले? मायं नाव काटून टाक, पोरी." जमुनाने त्यांना चहा दिला, चित्रं काढता का अजून, एवढंच विचारलं.

इथे खरं लिहितो. मला वाटतं ती चुकली. जुलैपर्यंत माझ्यावर कसलंच छत्र नाही, आणि जुलैनंतरही तीन लाखच. पुन्हा काही झालं तर आमच्याकडे तर विकायला प्लॉटही नाही. ती चौघांसाठी मलाच पणाला लावून बसली आहे. दुपारी विचारलंच. "मीबी त्यातच हावो, मालूम हाये नं तुले?"

ती पोहे निवडत होती. "मालूम हाये," म्हणाली. पोह्यात एकही खडा नव्हता तरी निवडत राहिली.

३ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. सभेत माझ्यानंतर पहिले उठले ते गुरुजी. ते उठले नसते तर मी तिथेच उभा राहून राहिलो असतो, वेड्यासारखा.

सकाळी तिला म्हणालो, "धरून ठेव. सोडू नको." ती म्हणाली, "सोडून नव्हतीच राह्यली." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन तुमी म्हटलं ते बरं केलं."

मला एक गोष्ट सुचली आहे. संघ छोटा आहे म्हणून कंपनी ऐंशीच्या वरच्यांना घाबरते. माणसं वाढली तर? संस्थेच्या शाळा दर्यापूरला आहेत, वरूडला आहेत. तिथले निवृत्त वेगळे राहिले आहेत. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला आहे, फक्त ओझं उचलायचं नाही. माणसं गोळा करणं मला येतं. आयुष्यभर तेच केलं.

१२ फेब्रुवारी

दर्यापूर झालं. माझं मूळ गाव त्याच तालुक्यातलं, तिथल्या शाळेत मी खेळलो आहे. पारावर नाही, थेट घरोघर गेलो. प्रत्येक घरी मी आधी माझ्या जाळ्यांचं सांगतो. मग समोरचा मला त्याचं सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याची बायको दारातून म्हणते, "हे मले तं आजच समजून राह्यलं!"

उद्या वरूड. तिथे जमुनाचं माहेर, त्यामुळे मी जावई. जेवणातून सुटका कठीण.

२० फेब्रुवारी

विपुल साहेबांचा फोन आला. सभासद दुपटीच्या वर गेलेत हे त्यांना कळवलं होतंच. ऐंशीच्या वरच्यांना घेतील. त्यांच्या बिलातला पाचवा हिस्सा मात्र ज्याचा त्याने भरायचा. जमुना म्हणाली, विचारून सांगते. आणि आधी चौघांना विचारलं, मग संघाला. चौघं हो म्हणाले. संघाने ठरवलं, तो पाचवा हिस्सा लागला तर संघ भरेल. हे नत्थुजींनी मांडलं. मोझरीची सहल यंदा ज्याने त्याने आपल्या खर्चाने करायची.

१ मार्च

आजपासून विमा सुरू. माझं नाव यादीत आहे. पुढे लिहिलं आहे: हृदयविकार, दोन जाळ्या, मान्य. तो 'मान्य' शब्द मी दोनदा वाचला. मला आजवर खूप प्रमाणपत्रं मिळाली, पण हे वेगळं आहे.

शेखर पेढे घेऊन आला. हा विमा त्याच्यामार्फत झाला नाही, त्याला यात काही मिळालं नाही. जमुनाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, आता मीबी लोकायले पयले बिमारीच विचारतो. धंदा कमी झाला थोडा." जमुना म्हणाली, "टिकीन तो."

१३ एप्रिल, रविवार

अकोल्याला गेलो होतो. तिथल्या एका शिक्षण संस्थेच्या निवृत्तांनी आमचं ऐकलं, त्यांनाही असाच गटविमा करायचा आहे. पत्र माझ्या नावाने आलं होतं, 'सपत्नीक यावे' म्हणून. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने निघालो. ऊन एवढं की मूर्तिजापूरलाच पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या.

हॉल मोठा, कूलर लावलेले, तरी माणसं वर्तमानपत्रांनी वारा घेत होती. अध्यक्षांनी मला मंचावर बसवलं. जमुनाला खाली पहिल्या रांगेत, बायकांमध्ये. शाल दिली, नारळ दिला, माझ्या दूरदृष्टीबद्दल बोलले. "गावंडे सरांनी एकहाती" असंही म्हणाले. खाली जमुना शांतपणे ऐकत होती, चेहऱ्यावर काही नाही. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. मला मात्र वाटत होतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी माईकसमोर गेलो. खूप बोलता आलं असतं. शाल खांद्यावर होती, लोक ऐकत होते.

"अध्यक्ष महाराज," मी म्हणालो, "तुमी चुकीचा मानूस वर बसवला. मी यातला पेशंट हावो. विमा करनारी ते खाली बसली."

हॉल हसला. अध्यक्ष गडबडले, दुसरी शाल शोधायला कोणाला तरी पाठवलं. जमुना डोक्यावरचा पदर सावरत वर आली आणि जाता जाता मला हळूच म्हणाली, "खुर्चीत बसा आता, उन्हाचे आले." मी बसलो नाही. खाली उतरून मागे भिंतीजवळ जाऊन उभा राहिलो, तिथून सगळं नीट दिसत होतं.

कुजबुज चालूच होती. कोणी चहा मागत होतं, कोणी कूलर आपल्याकडे वळवत होतं. जमुनाने माईक बाजूला केला. फळा मागितला, खडू मागितला. मग सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पयले मले सांगा, कोनाले काय होते?"

वर्तमानपत्रांचा वारा थांबला. इतका मोठा हॉल, इतकी माणसं, आणि फक्त कूलरचं पाणी ठिबकत होतं. मी मैदानावर आयुष्यभर शिट्ट्या फुंकल्या. एका शिट्टीवर दोन-दोनशे पोरं जागच्या जागी उभी केली. अशी शांतता मला कधी साधली नाही. तिने तर आवाजही चढवला नव्हता.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. मग एक आणखी. जमुना वळली आणि फळ्यावर लिहायला लागली.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन हाये हो ह्या बाई?"

मी सांगितलं. नाव सांगितलं, शाळा सांगितली, वरूड सांगितलं. तो बिचारा मान डोलवत राहिला. त्याने एवढं विचारलं नव्हतं, पण मला थांबता आलं नाही.